प्लंजर माझ्या खिशात होता

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा प्यायला जाणारा माणूस, हे आधीच सांगतो. रत्नागिरीत कित्येक वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. करंट येतो किंवा येत नाही, तिसरं काही नसतं... हे माझं ठाम मत. आजही आहे — एक गाडी सोडून.

मालगुंडच्या सुमनकाकींची जुनी डिझेल जीप. काका गेल्यावर काकी स्वतः चालवायच्या. त्यांच्या मुंबईच्या मुलाने, सुहासने, गिऱ्हाईक ठरवलं. गिऱ्हाइकाची अट एकच — वाटेत बंद पडते ते आधी दुरुस्त करा. म्हणजे मी फॉल्ट काढला की जीप जाणार.

"तू तुझं काम कर हो," काकी म्हणाल्या. "पण ही गेली की हे मला दुसऱ्यांदा गेल्यासारखे."

ऐकून वाईट वाटलं. पण काम ते काम.

जीप बंद पडायची ती एकाच जागी. गावाबाहेरच्या वळणावर राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा, जांभा दगड आहे, तिथे. काका जाता-येता थांबून त्याला विडी ठेवायचे. त्यांच्यामागे कोणी थांबेना. मी म्हटलं, वळणावर हादरा बसतो, वायर हलते, सोपं गणित! डिझेल पंपावर सोलेनॉइड असतो. करंट मिळाला की आतला प्लंजर उचलला जातो, डिझेल सुटतं. करंट गेला की प्लंजर खाली, इंजिन बंद. टेस्ट लॅम्प लावला, घासलेली वायर सापडली, बदलली. खुशीत ट्रायलला निघालो... त्याच वळणावर बंद!

मग मात्र माझं डोकं फिरलं. परत अंगणात आणून सोलेनॉइड खोलला आणि प्लंजरच काढून खिशात टाकला. आता चावी काढली तरी इंजिन चालूच राहणार. बंद करायचं तर गिअरमध्ये घालून, ब्रेक दाबून क्लच सोडायचा. करून पाहिलं, बरोब्बर तसंच झालं.

"काकी, बसा मागे आणि बघा आता."

वळण आलं. "थांब रे जरा," काकी म्हणाल्या.

"ट्रायल चाललेय. आज विडीबिडी काही नाही."

आणि इंजिन बंद झालं. आचका नाही, धूर नाही... कोणीतरी चावी फिरवावी तसं शांत. चावी तर माझ्यासमोर ऑन होती.

डिझेलच्या लाइनीत हवा धरली असेल म्हणून पंपाचा नट सैल केला. डिझेल भरपूर, एक बुडबुडा नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायला आली. खोटं कशाला बोलू, घाबरलो. काकींनी जीपच्या पुढच्या खणातून काकांचं विड्यांचं बंडल काढलं, एक विडी पेटवून दगडापाशी ठेवली.

"हां, आता मार."

पहिल्या सेल्फला सुरू!

सुहासला फोन केला. "फॉल्ट सापडत नाही. गिऱ्हाइकाला खरं ते सांग." गिऱ्हाईक फिरकलं नाही. काकींनी मला पोटभर जेवायला घातलं.

प्लंजर मी पुन्हा बसवला. आता काकी तिथे आपणहून थांबतात, आणि जीप एकदाही बंद पडलेली नाही. टाकीत कचरा असेल म्हणाल, तर टाकी मीच धुतली, काही निघालं नाही.

मालगुंडला कामाला गेलो की मीही त्या वळणावर बाईक थांबवतो. बाईकचं वायरिंग एकदम ओके आहे.