बिपिनचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. परवा मुलगा टीव्हीवर सिनेमा बघत होता — जुन्या काळचं कुठलंसं परदेशी शहर, पोटासाठी बोटीतून उतरलेली माणसं, आणि त्यांच्या टोळ्या भररस्त्यात एकमेकांना भोसकतायत. "मम्मी, बस ना, भारी आहे," म्हणाला. मी वाळलेले कपडे काढायचं निमित्त करून गच्चीवर गेले. मग तिथेच बसून राहिले.

आम्ही पारोळ्याकडचे. सुरतेत गोडादऱ्याला राहायचो. वडील नव्हते. भाऊ भटू कापडाच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. मी घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची. आमची गल्ली खानदेशी, नाल्यापलीकडे ओडिशाचे. एरवी सगळे एकाच कारखान्यात, शेजारशेजारच्या लूमवर — आणि सुटीच्या दिवशी दोन टोळ्या. कशावरून? नळावरून. कुणी कुणाकडे कसं बघितलं त्यावरून. भटूच्या कमरेला चाकू असायचा. मला माहीत होतं. खरं सांगू? मला त्याचा अभिमान वाटायचा. गल्लीत कुणी माझ्याशी वाकडं बोलत नसे.

बिपिन नाल्यापलीकडचा. प्लेगच्या वर्षी सुरत रिकामी होत होती, भटूही गल्लीतल्या पोरांबरोबर गावी पळाला होता, आणि मायला ताप भरला. शेजारी दार उघडेनात. बिपिनने हातगाडी आणली, मायला निजवलं, तोंडाला रुमाल बांधून दवाखान्यापर्यंत ओढत नेलं. साधा हिवताप निघाला. पण गाडी ओढताना त्याला ते कुठे ठाऊक होतं?

पुढे एका होळीला नळावर भांडण पेटलं. मी ओट्यावर उभी होते. बिपिन सोडवायला आला. भटूने त्याच्यावरच चाकू उगारला, बिपिनने मनगट धरलं, भटूने हात हिसडला — आणि चाकू मागून भटूला आवरणाऱ्या दिलीपच्या पोटात गेला. दिलीप आमच्याच गल्लीतला, भटूचा जिवलग. रिक्षातच गेला. झटापटीत चाकू कुणाच्या हातात होता, ते ओट्यावरून मलाच नीट दिसलं होतं.

"आक्का, पोलीस इचारतीन ते बिपिननं नाव सांग," भटू हात धूत म्हणाला. माय भिंतीकडे तोंड करून बसली होती.

मी बिपिनचं नाव सांगितलं. पोलिसांना, मग कोर्टातही — बोट दाखवून. बाहेर नेताना बिपिन माझ्याजवळून गेला. "माँजी कैसी हैं?" त्याने विचारलं. टोमणा असता तर बरं झालं असतं.

जन्मठेप झाली.

पण मला सांगायचंय ते हेही नाही. भावासाठी खोटं बोलली, असं म्हणून लोक समजून घेतात. वर्षभरात भटूला शेजारच्या लिंबायत वस्तीतल्या टोळीच्या पोरांनी ठार मारलं. त्याच्यामागे मायही गेली. आता वाचवायला उरलं कोण होतं? बिपिन तुरुंगातच होता. तरी मी गप्प — कारण दिलीपची आई मला रोज ताट वाढायची, आणि खरं कळल्यावर तिने वाढलं नसतं. एवढंच. याहून मोठं कारण नाही.

मग एका दुपारी बिपिनचे वडील आले. पार ओडिशाहून, पत्ता विचारत विचारत. म्हातारे, पायाला भेगा. वकिलाने त्यांना सांगितलं होतं, साक्षीदाराने जबाब बदलला तर काही होऊ शकेल. पण त्यांनी तसं मागितलं नाही. उंबऱ्याबाहेर बसून फक्त विचारलं, "बेटी, तुमने अपनी आँख से देखा?"

घरात कुणी नव्हतं. मला धाक घालणारं, गळ घालणारं — कुणीच नव्हतं.

"हाँ, देखा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "फिर ठीक है." पाणी प्याले, पेला स्वतःच विसळून ठेवला आणि उठले. त्यांनी विश्वास ठेवला. माझ्या शब्दावर त्या माणसाने आपल्या मुलाला खुनी मानलं.

बिपिन पुढे सुटला की आतच गेला, मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही.