साठचा आकडा

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. बायकोला महिनाभर संध्याकाळचा बारीक ताप येत होता आणि ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. एरंडोलजवळच्या आमच्या गावाहून तिला जळगावला नेलं. डॉक्टरांनी रक्त काढून काचेच्या उभ्या नळीत भरलं. तासाभरात तांबडं किती खाली बसतं ते बघायचं, म्हणाले. तो तास मला एका जागी बसवेना. चारदा बाहेर जाऊन आलो, कंपाउंडरवर उगाच डाफरलो.

"साठ. बरंच जास्त आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे शरीरात कुठेतरी सूज धुमसते आहे. कुठे, ते हा आकडा सांगत नाही. छातीचा फोटो काढू. पंधरा दिवसांनी या."

मी फक्त 'साठ' ऐकलं आणि क्षय ठरवून मोकळा झालो. घरी आईला तेच सांगितलं. तिने सुनेचं ताट-तांब्या वेगळं केलं आणि आमच्या दोन वर्षांच्या मुलीला आपल्याजवळ घेतलं.

"पोरले तिनाजोडे जाऊ देऊ नको," तिने मला बजावलं.

मी पहाराच दिला. मुलगी आईच्या खोलीकडे धावली की दंड धरून मागे ओढायचो, वर ओरडायचो. बायको आतून काही बोलत नसे. तिच्या गप्प राहण्याचाही मला राग येई.

पंधरा दिवसांनी पुन्हा जळगावला गेलो. फोटोत छाती स्वच्छ निघाली. मग डॉक्टरांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. टाच दाबताच ती कळवळली. हिवाळ्यात शेतात कापलेल्या कपाशीचं टोकदार धसकट टाचेत घुसून मोडलं होतं. आमच्या रीतीप्रमाणे बिब्ब्याचा चटका दिला, वरून जखम बुजली, आत पू साचत राहिला.

"आधी का नाही सांगितलंत?" डॉक्टर चिडले.

"काटानं काय सांगानं डागतरले?" ती म्हणाली.

ती लंगडते हे मला रोज दिसत होतं. पण शेतात राबणाऱ्या बाईचं लंगडणं आमच्याकडे दुखण्यात धरत नाहीत. मीही धरलं नव्हतं. त्याची लाज मला अजून वाटते.

टाच चिरून धसकटाचा तुकडा काढला. ताप गेला. मलमपट्टीसाठी तिला महिनाभर जळगावलाच ठेवलं. मग पुन्हा रक्त पाहिलं, तेव्हा आकडा उतरला होता.

घरी आलो. मुलगी उंबरठ्याशी उभी होती. बायकोने खाली बसून हात पसरले. मुलगी पुढे गेली नाही. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, आणि मी ओढायचो तो दंड दुसऱ्या हाताने घट्ट झाकून घेतला.