खळ लागलेले हात

बसस्टँडमागच्या भिंतीवर आज कॉलेजातली दोघं पोस्टर चिकटवत होती. "अरे, मधून बाहेर फिरव ना हात, फुगे राहतायत!" ती त्याच्यावर खेकसली आणि त्याचा हात धरूनच तिने तो कागदावरून फिरवला.

मी आणि सुहास संघटनेची पोस्टरं लावताना असेच जवळ आलो होतो. मैद्याची खळ, एक बादली आणि चार हात. फुगे काढताना बोटं बोटांना चिकटायची, आणि सोडवायची घाई दोघांनाही नसायची. लग्नानंतर आमची पोस्टरं फोनवरून जायला लागली. आता आम्ही दिवसभर बोलतो, पण ते बैठकीचं, पत्रकाचं. त्याचा हात शेवटचा कधी धरला, आठवत नाही. स्पर्श म्हणजे नव्या नवलाईचे लाड, पुढे संसार नुसत्या समजूतदारपणावर चालतो, हे कोणी ठरवलं? साफ खोटं आहे ते! हात सुटले तेव्हापासून आमचं बोलणंही कोरडं पडलं.

घरी आले. सुहास पाठमोरा बसून पत्रक लिहीत होता. मी त्याच्या पाठीवर तळवा ठेवला आणि मधून बाहेर फिरवला.

त्याचं पेन थांबलं. "काय गं, फुगे राहिलेत?"

"खूप," मी म्हणाले, आणि हात काढला नाही.