मी काढायला लावलेल्या ओळी

चूक माझी होती, आणि मी ती माझ्या विद्यार्थिनीच्या माथी जाऊ दिली.

मी नांदेडच्या एका कॉलेजात सी प्रोग्रॅमिंग शिकवतो. कंधारची एक मुलगी माझ्याकडे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करत होती. नदीच्या पाणीपातळीच्या जुन्या नोंदी वाचून चढउतार दाखवणारा प्रोग्रॅम. त्याच्या मार्कांवर तिचा पहिला वर्ग आणि पुण्यातली नोकरी ठरणार होती. नोंदी घेण्याआधी तिचा प्रोग्रॅम मशीनला विचारायचा, मेमरी किती शिल्लक आहे? कमी असली तर थोड्या थोड्या नोंदी वाचायचा. घरचा कॉम्प्युटर जुना, सारखा अडकायचा, म्हणून तिनं ही काळजी घेतली होती.

मी त्या ओळी काढायला लावल्या. मॅलॉक या सीमधल्या आज्ञेनं मशीनकडे मेमरी मागायची. दिली तर मिळाली, नाही दिली तर थांबायचं. आणखी विचारायचं कशाला? मी वर्षानुवर्षं फळ्यावर हेच लिहीत आलो होतो. लॅबची मशीन चालवणारं लिनक्स आधी हो म्हणतं आणि प्रत्यक्ष वापरताना जागा पुरली नाही तर प्रोग्रॅमच बंद पाडतं, हे मी कधी करून पाहिलंच नव्हतं. "राहू द्या ना सर," ती म्हणाली. मी ऐकलं नाही.

परीक्षेच्या दिवशी लॅबमधल्या मशीनवर आधीच बरंच काही चालू होतं. नोंदी भरू लागल्या आणि पडद्यावर एकच शब्द आला, किल्ड. लिनक्सनं प्रोग्रॅम बंद पाडला होता. लातूरहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "शिल्लक मेमरी तपासली नाही?" तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "पोरं घाई करतात, सर."

दुसऱ्या दिवशी मी परीक्षकांना फोन करून खरं सांगितलं, पण मार्क विद्यापीठाकडे गेले होते. आता काही होणार नाही, म्हणाले. पहिला वर्ग हुकला, नोकरीही गेली. मी नुसता बघत राहिलो.

सुट्ट्या लागल्यावर कंधारची बस धरली. तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान. त्यांनी मशीन थांबवून मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"लई मेहनत घेतली सर तुम्ही. पोरीचंच नशीब न्हाई."

ती मागे बसून काजं करत होती. मान वर केली नाही. घरी तिनं काही सांगितलंच नव्हतं.

चहा पिववेना. मी त्यांना म्हणालो, "तिचा प्रोग्रॅम बरोबर होता. मी तो बिघडवला आणि परीक्षकांपुढं खोटं बोललो." मग तिच्याकडे वळलो.

"बाळ, मला माफ कर."