देवदूताचा सुटलेला पाय

माझी लेक सध्या ड्रॅगनच्या कादंबऱ्या वाचते. काल म्हणाली, "मम्मी, ड्रॅगन म्हणजे माणसाच्या पोटातला राग. म्हणून शेवटी त्याला मारतात." मी घरातल्या लाकडी क्रुसाला खोबरेल चोळत होते. त्या वासासरशी लहानपणच्या, मालवणजवळच्या आमच्या कपेलात, त्या छोट्याशा चर्चमध्ये, जाऊन पोचले.

फेस्ताच्या सणाआधी देवदूताच्या लाकडी मूर्तीला तेल लावायची पाळी त्या वर्षी आमच्या घराची होती. देवदूताच्या पायाखालचा ड्रॅगन भाविकांचे हात लागून लागून पार फिकटला होता. माय पुसत असताना देवदूताचा वाळवीने पोखरलेला पाय सुटून तिच्या हातात आला. त्याच्याखाली ड्रॅगनच्या मानेवर पावलाएवढा हिरवा रंग, आत्ताच दिल्यासारखा चमकत होता.

"बघ गो," माय त्या हिरव्यावर बोट ठेवून हळूच म्हणाली, "हयसर तो अजून म्हातारो जावक नाय."

तेवढ्यात बाहेरून पप्पांची दारूतली हाक आली, "खंय मेलंस गो?" मायच्या गालावरचा आदल्या दिवशीचा वळ अजून उतरला नव्हता. तिने पाय जागेवर ठेवला आणि दोन्ही हातांनी कितीतरी वेळ दाबून धरला.

तेव्हा मला वाटलं, ती ड्रॅगनला भ्याली. आता लेकीचं ऐकून वाटतं, तो पाय तिला परत बसवायचाच नव्हता; म्हणून तर तो दाबायला तिला दोन्ही हात लागले.