मल्लिनाथ मास्तरांचे तीन पिस्टन

दर रविवारी दुपारी तीनच्या ठोक्याला मल्लिनाथ मास्तर आपल्या ट्रंपेटला अंघोळ घालायचे. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत त्यांची गॅलरी आणि माझी गॅलरी यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत. मी कचेरीत कारकून. आठवड्यातून एक दुपार झोपायला मिळते आणि नेमकी तेव्हाच यांची बादली खडखडायची. राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी मी तावातावाने बाहेर गेले. बघते तर जुन्या चादरीवर पितळी ट्रंपेट आडवं पडलेलं, शेजारी कोमट पाण्याचं घमेलं, आणि बनियनमधले सत्तरीचे गृहस्थ त्याच्या नळीत लांब ब्रश सारतायत. मान वर न करता म्हणाले, "बसा की अक्का. तोंड धुवून झालं, आता दात ऱ्हायले."

भांडायला गेलेली मी भिंतीला टेकून बघतच राहिले.

मास्तर मूळचे अक्कलकोटकडचे. चाळीस वर्षं बँडमध्ये वाजवलं. अर्ध्या सोलापूरची लग्नं आपणच लावली, असं बेधडक सांगायचे. दात म्हणजे ट्रंपेटवरचे तीन पिस्टन. बोटांनी ते दाबले की सूर बदलतो. वरची टोपी फिरवून एक पिस्टन अलगद ओढायचा, साबणाच्या पाण्यातून काढायचा, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याच्या तुकड्याने पुसायचा, दोन थेंब पातळ तेल सोडायचं आणि 'टक्' असा बारीक आवाज होईपर्यंत फिरवत आत बसवायचा. मग दुसरा. "निधान, निधान," असं पुटपुटत राहायचे. कानडीत निधान म्हणजे सावकाश. मी एकदा विचारलं, रोज वाजवत नाही तर एवढं पुसता कशाला? तर म्हणाले, "वाजवणं धा मिंटाचं अक्का, पुसणं जल्माचं."

एकदा मी हौसेने दोन पिस्टन एकदम उपसले. अगं बाई, केवढे खेकसले! "एक भाईर, दोन घरात! ह्येच्या घरात त्येला घातलं तर वारंच जात न्हाय फुडं." मग मवाळले. प्रत्येक पिस्टनवर कोरलेला बारीक आकडा दाखवला, एक, दोन, तीन. "ह्ये तुमच्यासारक्यांसाटी. मला आकडा लागत न्हाय. माज्या बोटांला वळख हाय की." तोरा तर असा, की विचारू नका.

सगळं जागेवर बसलं की ट्रंपेटच्या कर्ण्यासारख्या तोंडात टॉवेल कोंबून ते एकच सूर लावायचे. लांब, दबलेला. तोवर मी आत येऊन आडवी झालेली असायची. बाहेर वैशाखाचं ऊन, पडद्यातून आलेला पिवळट उजेड, कूलरची घरघर, आणि त्यातून तो सूर हळूहळू खोलीभर पसरायचा. अर्धवट झोपेत मला वराती दिसायच्या. घोडे पाण्यावरून चालल्यासारखे पाय न वाजवता चालायचे, नवरीच्या मुंडावळ्या वाऱ्याशिवाय हलायच्या, आणि सगळ्यांच्या पुढे मास्तर, तरुण, काळ्याभोर मिशांचे. कधी त्या वरातीत माझी आईही दिसायची, जरीचा पदर सावरत. ती जाऊन वीस वर्षं झाली होती. सूर संपला तरी वरात चालूच राहायची. नंतर नंतर तर त्या सुराशिवाय मला झोपच लागेना.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मास्तरांना न्यूमोनिया झाला. तीन आठवडे दवाखान्यात होते. परत आले ते निम्मे होऊन. पहिल्या रविवारी बादलीचा आवाज ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला. उशीवर डोकं टेकून सुराची वाट बघत राहिले. सूर आलाच नाही. पुढच्या रविवारी तर बादलीही वाजली नाही.

संध्याकाळी त्यांची सून सविता भिंतीपाशी आली. डोळे सुजलेले. "काकू, आप्पा जेवेनात. वारं सपलं म्हणतात, आता भाकरी कशाला वाया घालवता. ट्रंपेट बँडवाल्यांना देऊन टाक म्हणाले. हळू फुंकायला डॉक्टरांची ना नाही हो, पण आप्पा आता हातच लावत नाहीत."

तशीच त्यांच्या घरी गेले. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. "अक्का," म्हणाले, "गालफाडं दुकूस्तवर फुंकलं. साधं फुस्सबी झालं न्हाय. छाती रिकामी झाली माजी."

फुस्सही नाही? खोकताना तर पलंग हलत होता! मी ट्रंपेटची पेटी उघडली. सविताला विचारलं, दवाखान्यातून आल्यावर त्या पहिल्या रविवारी पिस्टन कसे काढले होते? ती म्हणाली, "इतके दिवस बंद राहून घट्ट झाले होते ना, आप्पांनी तिन्ही एकदम काढून भिजत घातले."

पहिली टोपी फिरवली. पिस्टन वर ओढून उजेडात धरला. त्यावर तीनचा आकडा होता. तिसऱ्या घरात एक.

आता आली का पंचाईत! गुपचूप बदलून ठेवावेत, तर यांना कळणारच. सांगावं, तर ज्या बोटांवर आयुष्यभर मिजास केली त्यांनीच दगा दिला, हे कसं सांगायचं? पण खोटं बोलायला जीभ वळेना. "मास्तर, एकाच्या घरात तीन गेलाय. वारं तुमचं नाही अडलं, ट्रंपेटचं अडलंय."

ते उठून बसले. दोन्ही पिस्टन हातात घेतले, बोटं फिरवली, डोळ्यांशी नेले, लांब धरले. "मला आकडाच दिसंना," असं पुटपुटले. बोटांची ओळख म्हणजे इतकी वर्षं चोरून वाचलेला आकडाच होता तर! मी ते ज्याच्या त्याच्या घरात बसवले. टक्. टक्. टॉवेल न कोंबताच त्यांनी ट्रंपेट ओठांना लावलं. सूर कापरा निघाला, मध्येच फाटला, पुन्हा सांधला आणि जिना उतरून खाली गेला. सविता पदर तोंडाशी धरून उभी राहिली.

मास्तरांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते हसत होते. "डोळं गेलं व्हय? जाऊ द्या की! मला वाटलं, मीच गेलो."

त्यानंतर ते चार महिने होते. दर रविवारी पिस्टन काढला की भिंतीवरून माझ्या हातात द्यायचे. मी आकडा वाचायची, "एक." ते म्हणायचे, "व्हय." "दोन." "व्हय." मग सविता भाकरी वाढायची आणि ते मुकाट जेवायचे.

ते गेल्यावर तिने ट्रंपेट माझ्याकडे आणून दिलं. रविवारी तीन वाजता मी चादर अंथरली, पहिला पिस्टन काढला, मोठ्यांदा "एक" म्हणाले आणि पलीकडच्या गॅलरीकडे बघत बसले. दुसरा काढायचं मला सुचेना.