पर्स तिने हरवली नव्हती

गेली सहा वर्षं आमच्या भावकीत एक गोष्ट सांगितली जाते, की माझ्या बायकोने आळेफाट्यावर पैशांनी भरलेली पर्स हरवली. सुनेच्या माहेरीसुद्धा ती पोचली आहे. गोष्ट खोटी आहे. खोटी मी केली, तेव्हा खरी काय ते मीच लिहून ठेवतो.

त्या पर्सचा मला पहिल्यापासून वैताग होता. तपकिरी रेक्झिनची, चेन तुटलेली, दोन सेफ्टी पिनांनी बंद केलेली. आधार कार्डं, रेशन कार्ड, पासबुकं, सातबाराचे उतारे, मुदत ठेवींच्या पावत्या आणि माझा शाळा सोडल्याचा दाखला, सगळं तिच्यात. शाळा सोडून मला पन्नास वर्षं होऊन गेली, तो दाखला कुणाला दाखवायचा होता? ती म्हणायची, हापिसात कवा काय मागतील सांगता येत न्हाई. ते मागायचेही, आणि तिच्याकडे निघायचंही. त्यामुळे मी आणखीच चिडायचो.

घराला कुलूप लागणार असलं की रोकडही पर्समध्ये जायची. लग्नसराईत गाव लग्नाला जातं आणि चोर बंद घरं हेरतात, असं तिचं म्हणणं.

बोरी बुद्रुकला तिच्या भाच्याचं लग्न होतं. आम्ही महाळुंगे पडवळचे. सोमवारी घराचा स्लॅब टाकायचा होता, त्यासाठी काढलेले एक लाख साठ हजार कपाटात होते. राहू दे म्हटलं तरी तिने ते पर्समध्ये कोंबले. पंगतीत पर्स मांडीवर घेऊनच जेवली. भावजया हसत होत्या, आणि मी दुसरीकडे बघत होतो.

नवरदेवाच्या आत्याचा नवरा म्हणून मला टॉवेल-टोपीचा मान मिळाला. टॉवेल पांढराशुभ्र होता. टोपी डोक्यावर, टॉवेल खांद्यावर घेऊन मी मोठ्या ऐटीत परत निघालो.

फाट्यावर दोन-तीन लग्नांची गर्दी एकत्र झालेली. बुंदी आणि मसालेभाताने माझ्या छातीत जळजळत होतं. ती म्हणाली, बसा, गोळी आणते. पर्समधून सुटे पैसे काढले, पर्स बाकड्यावर माझ्या मांडीला टेकवून ठेवली आणि मेडिकलकडे गेली.

तेवढ्यात मंचरकडे जाणारी एसटी लागली. लग्नाच्या दिवसांत दारातून चढणाऱ्याला जागा मिळत नाही. खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, काहीतरी सीटवर टाकायचं, म्हणजे जागा धरली जाते. भांडकुदळ माणूससुद्धा हा नियम पाळतो. मी पर्स उचलून खिडकीखाली धावलो. टाकायला म्हणून खांद्यावरच्या टॉवेलला हात घातला, सीटवरची धूळ पाहिली, आणि दुसऱ्या हातातली पर्स आत टाकली.

मी चढेपर्यंत त्या सीटवर दोघे बसले होते आणि पर्स नव्हती. विचारलं तर एक जण म्हणाला, "पर्स? पावणं, तुमी पर्स वापरता व्हय?" आजूबाजूचे हसले. मी सीटखाली वाकलो, मागच्या-पुढच्यांना विचारलं, कंडक्टर खेकसला. गाडी अडवून धरायला हवी होती. आत किती पैसे आहेत हे ओरडून सांगायला हवं होतं. मला ते हसणंच झोंबलं, आणि मी खाली उतरलो. गाडी गेली.

समोरून ती गोळी आणि पाण्याची बाटली घेऊन येत होती. तिने काही विचारायच्या आत मीच विचारलं, "पर्स कुठाय तुझी?"

"तुमच्यापाशी ठेवली व्हती ना?"

"मेडिकलात घेऊन गेली व्हतीस तू."

हे मी इतक्या ठसक्यात म्हणालो, की ती उलट पावली पळत गेली. मेडिकलवाल्याने बिचाऱ्याने काउंटरमागची खोकी हलवून दाखवली.

मग वर्षभर पोलीस ठाणं, प्रतिज्ञापत्र, तलाठी, बँक. प्रत्येक खिडकीवर विचारायचे, कशी हरवली? ती मान खाली घालून सांगायची, इसरले. मी शेजारी वैतागलेला चेहरा करून उभा. त्या चेहऱ्याचा आता मला संताप येतो.

तिने किल्ल्या मुलाकडे दिल्या. पुन्हा पर्स घेतली नाही. कुलूप लावून चार पावलं गेली की परत येऊन ओढून बघते. भाजीत मीठ घातलं का, हे सुनेला विचारते.

गेल्या महिन्यात मुलाने पुण्याच्या डॉक्टरकडे तिचा नंबर लावला, विसरण्याच्या आजारासाठी. सून तिच्या आईला फोनवर सांगत होती, आळेफाट्यापासूनच सुरुवात झाली. बायको तिथेच लसूण सोलत बसली होती आणि होकाराची मान हलवत होती.

मी सुनेला फोन ठेवायला लावला, मुलाला बोलावलं आणि सगळं सांगितलं. मुलगा म्हणाला, "आबा, कायतरीच काय बोलताय?" मग पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

बायकोने हातातला लसूण संपवला. मग म्हणाली, "खांद्यावर नवा टॉवेल व्हता की. त्यो का न्हाई टाकला?"

"मळला आसता."

ती मुलाकडे वळून म्हणाली, "नंबर लावलाच हाये, तर ह्यांना दाखवून आण. आन् माझं कागद दे."

मुलाने फाईल आणली. तिने एकेक कागद जमिनीवर मांडला आणि विचारलं, शाळा सोडल्याचा दाखला कुठाय? तो कुणी पुन्हा काढलाच नव्हता. उद्या शाळेत जाऊन अर्ज द्या, असं तिने मला बजावलं.

सकाळी मी अर्ज लिहायला बसलो. लग्नातला तो टॉवेल इतकी वर्षं पेटीत घडी करून ठेवलेला होता. मोरीच्या दाराशी तो पायपुसणं म्हणून पसरलेला दिसला. मी त्याला पाय पुसले आणि शाळेत निघालो.